कल्पित क्रीडेचा पट : ‘ड्रेडबॉल’विषयी काही प्रथम निरीक्षणे

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने एखाद्या खेळाच्या पेटीचे परीक्षण विभागाच्या संशोधन-पत्रिकेत करावे, ही गोष्ट काही वाचकांस चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. आमच्या एका सहकाऱ्यांनी तर पेटी टेबलावर पाहताच ‘हा पोरखेळ येथे कशाला?’ असा प्रश्न सरळच केला. प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर त्या वेळी मला देता आले नाही. प्रस्तुत टिपण हे एका अर्थी ते राहून गेलेले उत्तर होय.

फेर्दिनां द सोस्यूर याची व्याख्याने त्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, म्हणजे 1916 साली, ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. तेव्हापासून भाषा आणि बुद्धिबळ यांची तुलना आपल्या शास्त्रात रूढ झालेली आहे. घोडा लाकडाचा असो की हस्तिदंताचा, खेळाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. तो हरवला तर त्याच्या जागी कोणतीही वस्तू ठेवावी, तिला घोड्याचे मूल्य दिले की खेळ अडत नाही. मूल्य हे द्रव्यात नसून इतरांपासून असलेल्या भेदात आहे, हा सिद्धान्त मी वर्गात अनेक वर्षे याच दृष्टान्ताने सांगत आलो. तो खरोखर पारखून पाहावा असे मात्र कधी मनात आले नव्हते. या पेटीमुळे ती वेळ आली, आणि दृष्टान्त जेथे लंगडा पडला ते स्थळ मला त्या खेळातील सर्वांत मोलाचे स्थळ वाटले. त्याकडे क्रमाने येऊ.

प्रथम खेळाच्या कुळाविषयी थोडेसे. लहान प्रतिमा मांडून, त्यांना नियम लावून खेळण्याच्या प्रकारास प्रतिष्ठा मिळवून देणारा एक लेखक हाच विज्ञानकथेचाही आद्य पुरुष असावा, हा योगायोग लक्षणीय आहे. एच. जी. वेल्स याने 1913 साली ‘लिटल वॉर्स’ नावाचे पुस्तक लिहिले. खेळण्यातील शिपायांची युद्धे कशी लढवावी याचे नियम त्यात आहेत. युद्धाच्या जागी मैदानी खेळ आणण्याचे काम पुढे निरनिराळ्या लोकांनी केले. 1947 च्या सुमारास इंग्लंडात ‘सबुटिओ’ हा टेबलावरचा फुटबॉल आला. त्यात बोटाच्या टिचकीने खेळाडू सरकवीत. 1986 साली जर्व्हिस जॉन्सन याने ‘ब्लड बोल’ रचला. अमेरिकन फुटबॉलची ती थट्टा असून मैदानात माणसांबरोबर राक्षस, बुटके, यक्ष असे सारे उतरतात. आपला प्रस्तुत ‘ड्रेडबॉल’ हा याच वंशातला, पण भविष्यकाळात नेऊन ठेवलेला. जेक थॉर्न्टन याने तो रचला व नॉटिंगहॅमच्या मँटिक गेम्स या संस्थेने 2012 साली लोकांकडून आगाऊ वर्गणी गोळा करून तो काढला. आगाऊ वर्गणीचा हा मार्ग आपल्याकडील जुन्या ग्रंथप्रकाशनाला नवा नव्हे. ग्रंथाच्या शेवटी छापलेल्या आश्रयदात्यांच्या याद्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे वेगळे सांगावयास नको.

ही पेटी आमच्या एका माजी विद्यार्थ्याने दिवाळीच्या सुटीत पुण्याहून आणली. तो संगणकाच्या नोकरीत आहे आणि असल्या खेळांचा त्यास नाद आहे. चार संध्याकाळी आम्ही ती मांडली. खेळणारे म्हणजे तो स्वतः, एम. ए. चे दोन विद्यार्थी आणि मी. पाहणारे पुष्कळ, आणि त्यांतले एक सेवानिवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षक, ज्यांचा उल्लेख पुढे येईल. आमच्याजवळ पहिल्या आवृत्तीची मूळ पेटी होती व तीत दोनच संघ होते. बाजारात त्यानंतर आलेले पुष्कळसे संघ व सुधारलेली नियमावली यांचा येथे विचार केलेला नाही. इतक्या तुटपुंज्या परिचयावर अंतिम मत देण्याचा अधिकार मला नाही, म्हणून शीर्षकातच ‘प्रथम निरीक्षणे’ म्हटले आहे.

खेळाचे स्वरूप थोडक्यात असे. पट षट्कोनी घरांचा आहे. प्रत्येक बाजूचे सहा खेळाडू मैदानात असतात. मध्यरेषेवरून धातूचा चेंडू वेगाने सोडला जातो. तो उचलावयाचा आणि प्रतिपक्षाच्या बाजूस असलेल्या तीन लक्ष्यक्षेत्रांपैकी एकात उभे राहून लक्ष्यात फेकावयाचा. क्षेत्र व अंतर यांनुसार 1 पासून 4 पर्यंत गुण मिळतात. दोन्ही पक्षांचे गुण निराळे मोजीत नाहीत. एकच खूण मधोमध असते व ती दोरीखेचीतल्या गाठीप्रमाणे इकडून तिकडे सरकते. कोणत्याही बाजूस 7 ची आघाडी झाली की सामना तेथेच संपला. एरवी दोन्ही पक्षांच्या मिळून 14 पाळ्या होईपर्यंत तो चालतो. प्रत्येक पाळीत पाच चकत्या मिळतात. एका चकतीला एक कृती. खेळाडूंचे तीन वर्ग आहेत : एक फक्त आडवणारा व धडक देणारा, चेंडूला न शिवणारा, दुसरा फक्त चेंडू खेळणारा, आपण होऊन धडक न देणारा, आणि तिसरा दोन्ही करणारा, पण कोणत्याच कामात त्या त्या वर्गाइतका तरबेज नसलेला. कृती साधली की नाही हे सहा बाजूंचे फासे ठरवितात. बहुधा तीन फासे टाकावयाचे, ठरलेल्या आकड्याइतके किंवा त्याहून अधिक पडले तितकी यशे मोजावयाची, आणि 6 पडले तर तो फासा पुन्हा टाकावयाचा.

या नियमांतील पाळीस इंग्रजीत जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘मुसंडी’ असा होतो. पहिल्या संध्याकाळी आम्ही सारे इंग्रजी शब्दच वापरीत होतो आणि खेळ अत्यंत रेंगाळत होता. दर दोन मिनिटांनी कोणीतरी पुस्तिका उघडी, एखाद्या संज्ञेचा अर्थ काय यावर वाद होई, आणि चेंडू बिचारा पटावर पडून राही. दुसऱ्या दिवशी एम. ए. च्या त्या दोघांनी आपण होऊन मराठी शब्दांची एक यादी करून आणली. तिचे दोन भाग पडत होते. पहिल्या भागातील शब्द कोशातून घडविलेले होते : ‘आक्रमण-चक्र’, ‘प्रभाव-षट्कोन’, ‘दंड-प्रकोष्ठ’ आणि असेच आणखी. हे शब्द निर्दोष होते व खेळात एकदाही कोणाच्या तोंडून निघाले नाहीत. दुसऱ्या भागातील शब्द मैदानातून उचललेले होते. पाळीस ‘चढाई’. निसटून जाण्यास ‘हुलकावणी’. धक्का मारण्यास ‘धडक’. हे शब्द अर्ध्या तासात रुळले. क्रिकेटचे मराठी असेच घडले हे येथे स्मरते. बाळ ज. पंडित यांच्यासारख्यांनी आकाशवाणीवरून मराठीत क्रिकेटचे धावते वर्णन केले, त्या वर्णनात ‘त्रिफळा’ हा शब्द टिकला याचे कारण त्याची शास्त्रशुद्धता नव्हे. तीन काठ्या उडाल्या आणि वैद्याच्या चूर्णाची आठवण झाली, एवढ्या खोडकर बुद्धीवर तो शब्द उभा आहे.

एक उदाहरण अधिक तपशिलाने पाहण्यासारखे आहे. या खेळात आपल्या पाळीत आपल्याच हातून चेंडू निसटला की पाळी तत्काळ संपते. चकत्या शिल्लक असल्या तरी व्यर्थ. इंग्रजी पुस्तिकेला हे सांगण्यास वाक्ये लागतात. आमच्यापैकी एकजण उत्स्फूर्तपणे म्हणाला, ‘दम सुटला!’ आणि त्यानंतर त्या नियमाचे स्पष्टीकरण कोणालाही करावे लागले नाही. हुतुतूत चढाई करणाराचा दम सुटला की तो कितीही पुढे गेलेला असो, चढाई तेथे संपते, हे येथील प्रत्येक मुलास ठाऊक आहे. म्हणजे ‘दम’ या शब्दाबरोबर एक सबंध नियम आपल्याकडे आयता होता. भाषांतरात शब्दाला शब्द शोधावयाचा नसून नियमाला नियम शोधावयाचा असतो, हे तत्त्व वर्गात सांगणे निराळे आणि फासे हातात असताना ते घडताना पाहणे निराळे.

आता मूळ मुद्द्याकडे. या खेळातील प्रत्येक खेळाडूस तोंड आहे. षट्कोनी घरात उभ्या असलेल्या प्रतिमेच्या समोरची तीन घरे तिच्या धाकाखाली असतात, पाठीमागची तीन नसतात. त्या तीन घरांत शिरलेल्या प्रतिपक्षाच्या गड्यास तेथून सहजी निघता येत नाही. हुलकावणी देऊन निघावे लागते व त्यासाठी फासे टाकावे लागतात. म्हणून प्रतिमा कोणत्या घरात आहे याइतकेच ती कोणीकडे पाहते आहे यालाही महत्त्व आहे. तिसऱ्या संध्याकाळी एक प्रतिमा टेबलाखाली पडली व सापडेना. मला तर ही पर्वणीच वाटली. सोस्यूरच्या वचनानुसार मी तिच्या जागी एक चिंचोका ठेवला व खेळ पुढे चालवा म्हटले. दोन चढाया ठीक गेल्या. तिसऱ्या चढाईत प्रतिपक्षाचा गडी चिंचोक्याच्या शेजारून जाऊ लागला, आणि प्रश्न उभा राहिला की चिंचोक्याचे तोंड कोणीकडे?

त्यावर कडाक्याचा वाद झाला. ज्याचा चिंचोका तो म्हणे, तोंड चेंडूकडे. दुसरा म्हणे, पाठ चेंडूकडे. अखेर आम्ही चिंचोक्याच्या एका टोकास खडूचा ठिपका दिला आणि तंटा मिटला. आता सोस्यूरचा कैवारी म्हणेल की यात सिद्धान्ताला बाध कोठे आला? ठिपका दिला की चिंचोका पुरेसा झाला; द्रव्य गौण ते गौणच राहिले. हे मान्य आहे. परंतु बुद्धिबळातला घोडा बुचाने भागतो, येथे बूच भागत नाही, बुचाला आधी तोंड द्यावे लागते. चिन्हाच्या द्रव्यावर येथे एक अट पडली : ते असमरूप असले पाहिजे. पुढच्या-मागच्या बाजूंचा भेद ज्या वस्तूत नाही ती या व्यवस्थेत चिन्ह होऊच शकत नाही. चिन्ह सर्वस्वी यादृच्छिक असते असे आपण म्हणतो, तेव्हा अशा अटींचा विचार आपण बहुधा करीत नाही. उच्चारित भाषेत काळाच्या एकाच रेषेवर ध्वनी येतात ही जशी एक अट, तशीच ही.

आणखी एक गोष्ट मला अपेक्षित नव्हती. चिंचोका नियमाने खेळू लागला तरी पाहणाऱ्यांचा त्यातील रस गेला. प्रतिमेला धडक बसली की भोवतालची मुले ओरडत. चिंचोक्याला बसली तेव्हा कोणी ओरडले नाही. हा नियमांच्या बाहेरचा अर्थ आहे, व्यवस्थेच्या मूल्यात तो मोडत नाही. तथापि खेळ लोक ज्यासाठी खेळतात त्यांतला निम्मा भाग तोच असावा. मराठीत पटावरच्या मोहऱ्यास ‘सोंगटी’ म्हणतात. व्युत्पत्ती बाजूस ठेवली तरी बोलणाराच्या कानाला या शब्दात ‘सोंग’ ऐकू येतेच. सोंगटी आहे तोवर सोंग आहे. चिंचोका हे फक्त स्थान.

तोंड आणि पाठ यांचा हा नियम आमच्या विद्यार्थ्यांना कठीण जाईल अशी पेटी आणणाराची समजूत होती; पुण्यात त्याच्या मित्रांना तो फार कठीण गेला असे तो म्हणाला. येथे तो कोणालाच कठीण गेला नाही. कारण सांगितले ते वर उल्लेखिलेल्या सेवानिवृत्त शिक्षकांनी. ते म्हणाले, ‘अहो, हा तर खो-खोच आहे.’ खो-खोच्या परंपरागत नियमांप्रमाणे पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी एका ओळीत बसतात, आणि लगतच्या दोघांची तोंडे विरुद्ध दिशांना असतात. खो पाठीमागूनच द्यावयाचा. उठलेल्या गड्याने एकदा दिशा धरली की मधूनच उलटे फिरावयाचे नाही. बसलेल्या गड्याचे तोंड हाच त्या खेळाचा कणा आहे. तोंडे एकाच दिशेस केली तर खो-खो उरतच नाही. 1914 साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने या खेळाच्या नियमांना पद्धतशीर रूप देण्यास आरंभ केला, त्यापूर्वी तो खेड्यापाड्यांतून तोंडी नियमांवर चालत होता. ज्या मुलांनी शाळेच्या मैदानात तो खेळलेला आहे त्यांना समोरच्या तीन घरांचा धाक समजावून सांगावा लागत नाही.

शब्दांच्या बाबतीत सारेच असे सुखाचे झाले नाही. मैदानी भाषेने एके ठिकाणी आम्हाला चांगलेच फसविले. या खेळात धडक बसून खेळाडू जखमी झाला की तो काही चढाया बाहेर बसतो व परत येतो. परंतु फासे फारच प्रतिकूल पडले तर तो खरोखर मरतो, आणि सामन्यांची मालिका चालू असेल तर संघाच्या पटावरून त्याचे नाव कायमचे जाते. आम्ही तीन सामन्यांची छोटी मालिका लावली होती. पहिल्याच सामन्यात एका गड्यास धडक बसली आणि धडक देणारा ओरडला, ‘मेला!’ दुसऱ्याने निमूटपणे आपल्या कागदावरून त्याचे नाव खोडले. तो त्यांचा उत्तम खेळाडू होता. दुसऱ्या सामन्यात तो नाही असे दिसल्यावर लक्षात आले की तो मेलेलाच नव्हता, नुसता जखमी होता. हुतुतूच्या भाषेत ‘मेला’ म्हणजे बाद झाला. तो पुन्हा ‘उठतो’. ओरडणाराच्या मनात हुतुतूचा ‘मेला’ होता आणि ऐकणाराच्या मनात व्यवहारातला.

यावर तोडगा पुन्हा त्या शिक्षकांनीच काढला. हुतुतूचे जुने तीन प्रकार आहेत : संजीवनी, गामिनी आणि अमर. संजीवनीत बाद झालेला गडी प्रतिपक्षाचा गडी बाद होताच परत येतो. गामिनीत सबंध संघ बाद होईपर्यंत तो बाहेरच राहतो. अमरमध्ये गडी बाहेर जातच नाही, फक्त गुण लिहिला जातो. त्यांनी सुचविले की जखमी झाला तर ‘संजीवनी’ म्हणा आणि खरोखर गेला तर ‘गामिनी’. मुलांनी ते उचलले. पुढील दोन सामन्यांत ‘गामिनी’ ही आरोळी एकदाच झाली, पण तिच्यामागची शांतता बराच वेळ टिकली. बाद होण्याच्या तीन तऱ्हांना तीन स्वतंत्र नावे देणारी ही परिभाषा किती काटेकोर आहे! हे तिन्ही शब्द आमच्या एम. ए. च्या दोघांपैकी एकालाही ठाऊक नव्हते, आणि खरे सांगावयाचे तर ‘गामिनी’चा नेमका अर्थ मलाही त्या दिवशी विचारूनच घ्यावा लागला.

खेळाच्या भाषेविषयी इतके अनुकूल लिहिल्यावर त्याच्या विज्ञानाविषयी मात्र तसे लिहिता येत नाही. पेटीवर, पुस्तिकेत, सर्वत्र हा भविष्यकाळातील खेळ असल्याचे सांगितले आहे. खेळाडूंच्या अंगावर चिलखते आहेत, पंच हा हवेत तरंगणारा यंत्रगोल आहे, आणि संघ ग्रहांग्रहांतून आलेले आहेत. पण भविष्यकाळातल्या कोणत्या शोधामुळे हा खेळ असा झाला, असे विचारले तर उत्तर मिळत नाही. मूळ पेटीतील दोन संघांपैकी एक माणसांचा व दुसरा हिरव्या दांडग्या प्राण्यांचा आहे. पाठोपाठ आलेल्या संघांत बुटके लोहार आणि उंदीरमुखी लोक आहेत. ही सारी मंडळी अद्भुतकथेतून उचलून त्यांच्या अंगावर अवकाशातले कपडे चढविले आहेत, हे उघड आहे. कपडे उतरवून त्यांना ‘ब्लड बोल’च्या मैदानावर उभे केले तर कोणाला फरक कळणार नाही. चेंडू मध्यरेषेवरून सुटतो तो गुरुत्वाकर्षण कमी असलेल्या ग्रहावर सुटत असता तर काय झाले असते, हा साधा प्रश्नही आमच्या हाती असलेल्या पुस्तिकेला पडलेला दिसला नाही.

या ठिकाणी आपल्याच वाङ्मयातील एका कृतीची आठवण होते. जयंत नारळीकर यांची ‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही कथा ‘यक्षांची देणगी’ या 1979 च्या संग्रहात आहे. तीत क्रिकेट आहे, पण ते अलंकारासाठी नाही. वस्तूची आरशातल्यासारखी उलट प्रतिमा होऊ शकली तर काय घडेल, हे वैज्ञानिक गृहीत. आणि उजव्या हाताचा गोलंदाज डाव्या हाताचा झाला तर मैदानावर काय होईल, हा त्याचा क्रीडेतला परिणाम. गृहीत काढून टाकले तर क्रिकेटचा तो प्रसंग उरत नाही. विज्ञान आणि खेळ यांची सांधेजोड याला म्हणावे. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने कथा पाठवून ज्यांनी या वाङ्मयप्रकारास मराठीत नवे वळण दिले, त्या लेखकाची ही कसोटी ‘ड्रेडबॉल’ला लावली तर तो उतरत नाही. ही कसोटी खेळाला लावणे अन्यायाचे आहे असा आक्षेप येईल. मला तो पटत नाही. उजव्या-डाव्याची अदलाबदल हा ज्या पटावर तोंड आणि पाठ यांना मोल आहे त्या पटावर किती सुंदर नियम झाला असता! साहित्य हाताशी होते, कल्पना पोहोचली नाही.

भविष्याचे एकच खरे भाकीत या खेळात मला दिसले, आणि ते विज्ञानाचे नसून अर्थकारणाचे आहे. माणसांचा संघ देशाच्या किंवा गावाच्या नावाने ओळखला जात नाही. पेटीतील संघाचे नाव ‘ट्रॉनटेक’ या व्यापारी संस्थेचे असून मनुष्यसंघांच्या त्या वर्गालाच ‘कॉर्पोरेशन’ म्हणतात. 1975 सालच्या ‘रोलरबॉल’ या चित्रपटात जगाचा कारभार व त्याबरोबर खेळही व्यापारी संस्थांच्या हाती गेल्याची कल्पना होती, तिचाच हा धागा असावा. आपल्याकडे 2014 साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि कबड्डीचे संघही व्यापारी मालकीचे झाले. तरीही ‘पुणेरी पलटण’ या नावात गाव आहे. ‘पलटण’ हा शब्द मूळ परदेशी लष्करी असला तरी आता आपल्या अंगणातला झालेला आहे. ट्रॉनटेकचे गाव कोणते, हे पुस्तिका वाचून माझ्या लक्षात राहिले नाही.

खेळ म्हणून त्यात दोष आहेतच. सहा पडला की पुन्हा टाकावयाच्या नियमामुळे दुबळा गडी क्वचित पर्वतप्राय कामगिरी करून जातो. मुलांना ते फार आवडले, मला पाचकत्यांचा विचार करून आखलेली चढाई त्यापायी फुकट गेल्याचा राग आला. हरण्याच्या रागातून हे मत झाले असण्याची शक्यता नाकारीत नाही. काही सोंगट्यांचे हातपाय निराळे येतात, ते डिंकाने जोडावे लागतात आणि रंग आपणच द्यावयाचा असतो; हा ज्याचा छंद त्याला आनंद, इतरांना कटकट. गुणांची दोरीखेच मात्र अप्रतिम आहे. तीन गुणांनी मागे असलेला संघ एका फेकीत पुढे जाऊ शकतो, त्यामुळे शेवटच्या चढाईपर्यंत कोणी आशा सोडीत नाही.

परीक्षणाच्या कामाबाहेरची एक गोष्ट नोंदवून ठेवतो. पट ही वस्तू या गावास अपरिचित नाही. कापडाच्या घड्या उलगडून सोंगट्या मांडण्याची रीत जुन्या घरांतून अजून आठवणीत आहे, आणि कापडावर सबंध शास्त्र उतरविण्याचे धाडस तर येथेच झाले. दासोपंतांनी सुमारे 40 फूट लांब व 4 फूट रुंद पासोडीवर पंचीकरण लिहिले ते याच अंबाजोगाईत. परंपरेने ज्ञानदेवांशी जोडला जाणारा मोक्षपट हाही पटावर मांडलेला विचारच आहे, आणि त्याच जातीच्या भारतीय पटांवरून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात सापशिडी गेली तेव्हा विचार मागे राहिला आणि साप तेवढे गेले. एका विद्यार्थ्याने चौथ्या संध्याकाळी विचारले की असा पट आट्यापाट्यांचा का होऊ नये? मी त्याला विचारले, आट्यापाट्यांतले कोणते शब्द तुला येतात? त्याला ‘पाटी’ आला, ‘लोण’ आला. ‘लोण’ही त्याला खेळातून नव्हे, ‘लोण पोहोचविणे’ या वाक्प्रचारातून ठाऊक होता. मैदानावर लोण कसे होते हे त्याने पाहिलेले नव्हते. बडोद्याच्या व्यायामज्ञानकोशात देशी खेळांना स्थान मिळाले आहे. तरी छापलेला नियम आणि मुलांच्या तोंडचा शब्द यांत अंतर आहे, आणि ‘गामिनी’च्या प्रसंगाने ते मला पुरेसे दाखविले होते.

त्या शिक्षकांचे वय आज ऐंशीच्या पुढे आहे. त्यांच्याकडून हुतुतू, खो-खो, आट्यापाट्या व विटीदांडू यांतील आरोळ्या, तक्रारीचे शब्द आणि चिडविण्याचे शब्द टिपून घेण्याचे काम एम. ए. च्या त्या दोघांनी पुढील सत्रापासून हाती घेतले आहे. प्रत्येक शब्द कोणत्या क्षणी व कोणी उच्चारावयाचा हेही लिहावे, नुसता अर्थ लिहू नये, अशी सूचना त्यांना केली आहे. त्यासाठी पेटी विभागातच ठेवून घेतली आहे, कारण शब्द आठवण्यासाठी त्या गृहस्थांना फासे हातात लागतात. नुसते बसवून विचारले तर ते आठ-दहा शब्द सांगून थांबतात.

ड्रेडबॉलच्या यादीतील दोन जागा अजून रिकाम्या आहेत. नियमभंग करणाऱ्यास जेथे बसवितात त्या जागेला इंग्रजीत यमकाचा एक गमतीदार जोडशब्द आहे. आमचे ‘दंड-प्रकोष्ठ’ कोणी घेतले नाही आणि ‘कोंडवाडा’ म्हटले की सारे हसतात, पण हसून वापरतात असे अजून झालेले नाही. दोन्ही कामे अर्धवट करणाऱ्या तिसऱ्या वर्गाच्या खेळाडूस क्रिकेटचा ‘अष्टपैलू’ शब्द लावून पाहिला. तो फार मोठा पडतो. हरवलेली प्रतिमा सापडली. ती नेमकी याच वर्गातली होती, आणि ठिपका दिलेला चिंचोका पेटीत तिच्या शेजारी ठेवला आहे.